कडक सिस्टरांचे आभार मानायचे असतील तर

12 मे, म्हणजे परिचारिका दिन, आला की नर्सिंग कॉलेजांच्या हॉलमध्ये दिवे लागतात, भाषणे होतात आणि एखाद्या निवृत्त सिस्टरचा सत्कार होतो. त्यात हमखास एक वाक्य येते: "सिस्टर कडक होत्या, पण मनाने फार चांगल्या होत्या." बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. तरी या वाक्यात कडकपणा हा जणू दोष आणि चांगल्या मनामुळे तो माफ केला, असा सूर लागतो. मला हे उलटे वाटते. ज्या सिस्टरांनी वॉर्डात आणि ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) आपल्याला रडकुंडीला आणले, त्यांच्या कडकपणाचेच आभार मानायला हवेत. त्यासाठी त्यांनी नेमका कशाचा आग्रह धरला आणि तो धरला नसता तर कोणत्या रुग्णाचे काय झाले असते, हे आधी समजून घ्यावे लागते.

आभार मोघम असले की ते कुणालाच लागू पडत नाहीत. म्हणून तपशिलातच जाऊ.

सर्वात साधी गोष्ट घ्या, टीपीआर चार्ट. तापमान, नाडी, श्वास. थर्मामीटर तापमान दाखवतो, ऑक्सिमीटर नाडी दाखवतो, पण श्वास मोजायला साध्या वॉर्डात यंत्र नसते. तिथे घड्याळ आणि डोळे लागतात, तेही पूर्ण एक मिनिट. तीस खाटांच्या वॉर्डात तीस मिनिटे. त्यामुळे सकाळी सहाच्या चार्टवर श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 20, 20, 20 असे आकडे दिसतात. खाट नंबर चारला दम्याचा रुग्ण, अकराला कालच पोटाची शस्त्रक्रिया झालेली बाई, सतराला डिस्चार्जची वाट पाहणारा तरुण, आणि सगळ्यांचा श्वास 20!

जाणत्या इन्चार्ज सिस्टर हा रकाना बघूनच ओळखतात. सगळीकडे 20 असेल तर मोजलेच नाही. 16, 20, 24 असे फक्त चारच्या पटीतले आकडे असतील तर पंधरा सेकंद मोजून चौपट केली. सगळे आकडे सम असतील तर तीस सेकंद मोजून दुप्पट केली. पंधरा सेकंदांत एक श्वास इकडचा तिकडे झाला की उत्तरात चारचा फरक पडतो. 20 चे 24 होतात किंवा 24 चे 20. आणि हा फरक क्षुल्लक नाही. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला 12 ते 20 असतो. रुग्ण खालावत असेल तर रक्तदाब पडायच्या कितीतरी आधी श्वास वाढायला लागतो. जंतुसंसर्ग रक्तात पसरत असेल, फुप्फुसात गुठळी गेली असेल, शरीरात आम्ल साठत असेल, तर पहिली चाहूल बहुतेकदा इथेच लागते. 22 ला डॉक्टरांना सांगायचे आणि 26 ला धावायचे असते. ज्या चार्टवर कायम 20 लिहिले आहे तो चार्ट रुग्ण कोसळेपर्यंत गप्प राहतो.

मोजण्याची रीतही कडक सिस्टरच शिकवतात. नाडी बघून झाली तरी मनगट सोडायचे नाही. रुग्णाचा हात त्याच्याच छातीवर ठेवायचा, नाडी मोजतोय असे भासवायचे आणि हाताखाली छाती वरखाली होते ती मोजायची. "आता तुमचा श्वास मोजते" असे सांगितले की माणूस श्वासावर लक्ष देतो आणि आकडा बिघडतो. लहान मूल रडत असेल तर थांबायचे, आईच्या मांडीवर शांत झाल्यावर पोट बघून मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त असेल तर तो जलद श्वास. हे आकडे पाठ असले आणि मोजणीच खोटी असली तर पाठांतराचा उपयोग काय?

बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायाची सुरुवातच खोट्या तराजूने होते. परमेश्वराला त्याचा वीट आहे आणि खरे वजन त्याला आवडते. आपण हे वचन नेहमी वाण्याला, सोनाराला लावतो. वॉर्डात तराजू नसला तरी चार्ट असतो. न मोजता लिहिलेला 20 हे खोटे वजनच आहे आणि त्याची किंमत रुग्ण भरतो. ज्या सिस्टरने तो रकाना लाल पेनाने कापून "पुन्हा मोजून या" म्हणून आपल्याला परत पाठवले, तिने हे वचन म्हटले नसेल, पण पाळायला लावले.

आता इन्सुलिन. इथे कडकपणाची गरज सर्वात जास्त आणि नव्या मुलींची चिडचिडही सर्वात जास्त. "एवढ्याशा इंजेक्शनला दोघींनी कशाला बघायचे?" म्हणून.

आपल्याकडे इन्सुलिनची साधी बाटली बहुधा 40 युनिट प्रति मिलिलिटरची असते. तिच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज. पेनचे कार्ट्रिज आणि काही बाटल्या 100 युनिट प्रति मिलिलिटरच्या असतात. त्यांच्यासाठी नारिंगी टोपणाची सिरिंज. दोन्ही सिरिंजवर "युनिट" असेच छापलेले असते. आता अदलाबदल झाली तर काय होते ते बघा. रुग्णाला 20 युनिट द्यायचे आहेत. 40 च्या बाटलीतून नारिंगी सिरिंजने 20 च्या रेघेपर्यंत ओढले तर हातात येतात 0.2 मिलि, म्हणजे फक्त 8 युनिट. साखर उतरत नाही, डॉक्टर डोस वाढवतात. मग कुणीतरी बरोबर सिरिंज वापरते आणि वाढवलेला डोस पूर्ण जातो. उलट बाजूने 100 च्या बाटलीतून लाल सिरिंजने 20 ओढले तर येतात 0.5 मिलि, म्हणजे 50 युनिट. अडीचपट! पहाटे तीनला घामाने डबडबलेला, काहीबाही बोलणारा रुग्ण सापडतो आणि नातेवाईक म्हणतात, झोपेत बरळतायत.

म्हणून सिस्टर विचारतात: बाटलीवरचा आकडा मोठ्याने वाच. टोपणाचा रंग सांग. ऑर्डर दाखव. ऑर्डरमध्ये युनिटसाठी नुसता इंग्रजी यू लिहिला असेल तर डॉक्टरांकडून पूर्ण शब्द लिहून आण, कारण घाईतल्या अक्षरात तो यू शून्यासारखा दिसतो आणि 10 चे 100 होतात. दोन प्रकारचे इन्सुलिन एकत्र द्यायचे असेल तर पारदर्शक आधी ओढायचे, गढूळ नंतर, म्हणजे गढुळाचा अंश पारदर्शकाच्या बाटलीत जात नाही. आणि शेवटचा प्रश्न, जो कुठल्याही पुस्तकापेक्षा त्यांच्या तोंडून जास्त ऐकू येतो: "नाश्त्याची गाडी आली का?" इन्सुलिन वेळेवर गेले आणि गाडी तासभर उशिरा आली, तर बरोबर रुग्ण, बरोबर औषध, बरोबर मात्रा, बरोबर मार्ग, बरोबर वेळ हे पाचही नियम पाळूनसुद्धा साखर 70 च्या खाली जाते. रुग्णाने खाल्ले का, हे कागदावर कुठेच लिहिलेले नसते. ते विचारायची सवय कुणीतरी मागे लागून लावावी लागते.

ओटीत हाच आग्रह मोजणीचा असतो आणि तिथे तो सर्जनपर्यंत पोचतो.

पोटाची शस्त्रक्रिया सुरू होण्यापूर्वी स्क्रब नर्स (सर्जनच्या हातात अवजारे देणारी) आणि फ्लोअर नर्स (बाहेरून सामान पुरवणारी) मिळून मॉप (रक्त टिपायची कापडी पॅड), गॉझ, सुया, ब्लेड, अवजारे मोजतात. मोठ्याने, दोघींच्या डोळ्यांसमोर, एकाच वेळी. मॉपची गड्डी हातात धरून "पाच" म्हणणे ही मोजणी नव्हे. गड्डी सोडायची, प्रत्येक मॉप वेगळा करायचा, त्याला शिवलेली नाडी (पट्टी) ओढून पक्की आहे का बघायचे, एक्स-रेत दिसणारा धागा आहे का बघायचे, मग "एक" म्हणायचे. गड्डीत पाचाऐवजी चार किंवा सहा निघाले तर तो एक मॉप भरून किंवा काढून हिशेब जुळवायचा नाही. अख्खी गड्डी बाजूला करायची आणि चिरा देण्याआधीच ओटीबाहेर काढायची. आकडा लगेच फळ्यावर लिहायचा. "लक्षात आहे" हे उत्तर चालत नाही.

शस्त्रक्रिया चालू असताना नवी गड्डी उघडली की तिचीही तशीच मोजणी आणि फळ्यावर भर. मॉप कापायचा नाही. पोटात साधा, धाग्याचा नसलेला गॉझ वापरायचा नाही. वापरलेले मॉप बादलीत ढीग करून ठेवायचे नाहीत, पाच-पाच करून मांडायचे, कारण रक्ताने चिकटलेले दोन मॉप एकच वाटतात. मोजणी पूर्ण होईपर्यंत ओटीतली कचऱ्याची एकही पिशवी, एकही चादर बाहेर जायची नाही. मामा सफाईला आले तरी नाही. पोट शिवायला घेण्यापूर्वी पुन्हा मोजणी, त्वचा शिवताना पुन्हा. सिझेरियनमध्ये गर्भाशय बंद करण्यापूर्वी आणखी एकदा. मध्येच ड्यूटी बदलली तर जाणारी आणि येणारी दोघी मिळून मोजतात.

आकडा जुळला नाही तर? स्क्रब नर्सने तिथल्या तिथे, सर्वांना ऐकू जाईल असे सांगायचे: "सर, एक मॉप कमी आहे." रुग्णाची स्थिती परवानगी देत असेल तर शिवणे थांबते. सर्जन पोटात हाताने पाहतात. फ्लोअर नर्स चादरीच्या घड्या, बादली, जमीन, टेबलाखालची जागा, बुटांचे तळवे, सगळे तपासते. तरीही सापडले नाही तर टेबलावरच एक्स-रे. आणि काय झाले, कोणाला सांगितले, काय निघाले, याची नोंद.

पुस्तकात हे फार सोपे दिसते. प्रत्यक्षात रात्रीचे दोन वाजलेले असतात, बाहेर दुसरी इमर्जन्सी उभी असते, भूलतज्ज्ञ घड्याळ बघत असतात आणि सर्जन म्हणतात, "मी बघितलंय आत, काही नाही, धागा द्या." एकवीस वर्षांच्या मुलीने या क्षणी धागा न देता "सर, मोजणी जुळत नाही" हे दुसऱ्यांदा म्हणायचे असते. ते धैर्य आयत्या वेळी येत नाही. आधी शंभर साध्या केसेसमध्ये, जिथे काहीच बिनसले नव्हते, तिथेही एका सिस्टरने मोठ्याने मोजायला लावलेले असते, पुटपुटले तर "ऐकू नाही आलं, पहिल्यापासून" म्हटलेले असते, म्हणून ते येते.

मॉप पोटात राहण्याच्या घटनांचा अभ्यास झालेला आहे. तातडीची शस्त्रक्रिया, आयत्या वेळी बदललेली शस्त्रक्रिया, स्थूल रुग्ण, या परिस्थितींत धोका वाढतो. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी की अशा बहुतेक केसेसच्या कागदांवर मोजणी "बरोबर" असल्याचीच नोंद सापडते. म्हणजे मोजणी राहून जात नाही. ती केल्यासारखी केली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये सुरक्षित शस्त्रक्रियेची तपासणी यादी आणली, भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रुग्ण ओटीतून हलवण्याआधी अशी तीन टप्प्यांची. ती चांगली आहे. पण कागदावर तीन टिका मारायला अर्धे मिनिट पुरते. यादीत जीव येतो तो टिका मारू न देणाऱ्या माणसामुळे.

(ऑटोक्लेव्हबद्दल, म्हणजे वाफेने सामान निर्जंतुक करणाऱ्या यंत्राबद्दल, खरे तर वेगळेच लिहायला हवे. इतकेच सांगते: 121 अंश, 15 पौंड दाब, आणि मिनिटे मोजायची ती तापमान गाठल्यापासून, बटण दाबल्यापासून नव्हे. सामानाचा ड्रम ठासून भरला तर वाफ आत शिरत नाही. ओला निघालेला पॅक परत पाठवायचा, कारण ओलाव्यातून जंतू आत जातात. पॅकला लावलेल्या टेपवरच्या रेघा काळ्या झाल्या याचा अर्थ पॅकला उष्णता लागली एवढाच, आतले निर्जंतुक झाले असा नव्हे. यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी कोणीतरी कुणाचा तरी अख्खा ड्रम परत पाठवलेला असतो, आणि ज्याचा परत आला त्याने त्या दिवशी मनातल्या मनात बरेच काही म्हटलेले असते.)

महाराष्ट्रात ही शिस्त मोठ्या प्रमाणावर मिशन हॉस्पिटलांच्या वॉर्डांत घडली. डॉ. विल्यम वानलेस 1889 मध्ये भारतात आले, 1894 मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. सांगली-मिरज रस्त्यावरच्या वानलेसवाडीला नाव त्यांचेच. मिरज, अहमदनगर, जालना, वाई इथल्या मिशनच्या दवाखान्यांतून ख्रिस्ती घरांतल्या कितीतरी मुली नर्स झाल्या. त्या काळी चांगल्या घरातल्या मुलीने परक्या माणसाच्या जखमा धुणे लोकांना पटत नव्हते. अशा ठिकाणी दिवस उपासनेने सुरू होतो, शस्त्रक्रियेआधी प्रार्थना होते. आणि प्रार्थना झाली म्हणून मोजणी टळत नाही. जुन्या मिशन सिस्टरांची ही बाजू मला सर्वात मोलाची वाटते. देवावर भरवसा आणि मॉपचा हिशेब या दोन्ही गोष्टी एकाच हाताने करायच्या असतात, हे त्यांना कुणी समजावून सांगावे लागले नाही.

कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात प्रेषित पौल कामाबद्दल सांगतो: तोंडदेखली चाकरी नको, जे करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. नर्सिंगच्या कामाला हे तंतोतंत लागू पडते, कारण या कामाचा बराचसा भाग कुणीच बघत नसते. नाईटला दर दोन तासांनी बेशुद्ध रुग्णाची कूस बदलली की नाही, ते रुग्ण सांगू शकत नाही आणि नातेवाईक झोपलेले असतात. चादरीची सुरकुती काढली नाही तर चार दिवसांनी माकडहाडावर लालसर डाग दिसतो. तेव्हा कोणत्या रात्रीची सुरकुती ते कोण शोधणार? कडक सिस्टर काही काळ तुमच्यामागे उभी राहते. नंतर ती नसतानाही तुम्ही तसेच वागावे, यासाठी.

मात्र हे वचन ज्यांना लिहिले ते दास होते, हेही विसरता कामा नये. राजीनामा द्यायची सोय त्यांना नव्हती. आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात, दुसऱ्या अध्यायाच्या अठराव्या वचनात, कठोर धन्याच्याही अधीन राहा असे आहे. ते वचन आपल्याकडे काही वेळा फार सोयीस्करपणे वापरले जाते, विशेषतः धन्याच्या बाजूने. पेत्र तिथे सोसणाऱ्याला धीर देतो आहे, छळणाऱ्याला परवाना देत नाही. पौल तर कलस्सैकरांच्या चौथ्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात धन्यांकडे वळतो: न्यायाने वागा, तुमचाही धनी स्वर्गात आहे. इफिसकरांच्या सहाव्या अध्यायात तो त्यांना धमकावणे सोडून द्या असे स्पष्ट बजावतो. नर्सिंग कॉलेजच्या चॅपलमध्ये दासांची वचने वाचायची आणि धन्यांची गाळायची, हे शास्त्राशी प्रामाणिक नाही.

तर कडक कोण आणि छळणारी कोण? माझ्या मते फरक ओळखायला फार अक्कल लागत नाही, थोडे लक्ष लागते. कडक सिस्टर वस्तूकडे बोट दाखवते: हा रकाना, ही सिरिंज, ही गाठ. छळणारी तुमच्या जातीकडे, रंगाकडे, गावाकडे, आईबापांकडे बोट दाखवते. कडक सिस्टर स्वतः करून दाखवते आणि मग तुमच्याकडून करवून घेते. छळणारी नुसते चुकू देते. कडक सिस्टरचा नियम वरिष्ठ डॉक्टरांनाही लागतो. मास्क नाकाखाली असेल तर ती सर्जनलाही टोकते. छळणारीचा नियम फक्त फर्स्ट इयरला लागतो. आणि सर्वात पक्की खूण: तिच्या वॉर्डात चूक झाली तर मुली तिच्याकडे धावत जातात की चूक लपवतात? चुकीचे औषध गेले तर पहिले काम रुग्णाला बघणे, नाडी, रक्तदाब, श्वास, शुद्ध. दुसरे डॉक्टरांना ताबडतोब सांगणे. तिसरे लेखी नोंद. ज्या वॉर्डात मुलगी शिक्षेच्या भीतीने औषधाची रिकामी अँप्युल खिशात घालते, तिथे रुग्णाचा अर्धा तास वाया जातो. तो कडकपणा नव्हे. तो वॉर्डच धोकादायक आहे, भिंतीवर कोणतेही वचन लिहिलेले असो.

छळ होत असेल तर कृतज्ञतेचे प्रवचन स्वतःला देऊ नका. तारीख, वेळ, शब्द, तिथे कोण होते, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. ट्यूटरकडे, मेट्रनकडे लेखी द्या आणि पोच घ्या. प्रकार लैंगिक छळाचा असेल तर 2013 च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी, समिती कारण पटल्यास मुदत वाढवू शकते. विद्यार्थिनीही तक्रार करू शकते. संस्था ख्रिस्ती आहे म्हणून हा कायदा लागू होत नाही असे कुणी सांगितले तर ते खोटे आहे. क्षमा करणे आणि तक्रार न करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता आभार कसे मानायचे ते.

लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि परत येतो एकच, तोही शोमरोनी, म्हणजे परका. येशू विचारतो, नऊ जण कुठे आहेत? बरे तर दहाही झाले होते. नऊ जण वाईट नव्हते. सांगितल्याप्रमाणे याजकाला दाखवायला निघाले होते, घाईत होते. आपणही बहुतेक त्या नऊ जणांत असतो. नोकरी लागते, बॉण्ड संपतो, कोणी पुण्याला, कोणी मस्कतला, कोणी लंडनला जाते. शिकवणारी सिस्टर गावाकडच्या दोन खोल्यांत निवृत्त होते.

तिला पत्र लिहा. फोनवर "कशा आहात सिस्टर, तुमची आठवण येते" एवढेच होते, आणि गुडघेदुखीवर येऊन गाडी थांबते. पत्रात तीन गोष्टी असाव्यात: तिने नेमके काय करायला लावले, तेव्हा तुम्हाला ते का नकोसे वाटले, आणि आज ते कुठे उपयोगी पडते. उदाहरणार्थ: "तुम्ही सलाईनचे थेंब घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजायला लावायचा. 500 मिलि चार तासांत, मिलिलिटरला वीस थेंबांच्या सेटवर मिनिटाला 42, हे तुम्ही भिंतीवरचा तक्ता झाकून तोंडी विचारायचा. आता इथे पंप आहेत. परवा वीज गेली आणि बॅटरी संपली, तेव्हा वॉर्डात हे हाताने लावता येणारी मी एकटीच होते." असे पत्र वाचल्यावर त्या बाईला कळते की तिची तीस वर्षे कुठे गेली. "तुम्ही आमच्या प्रेरणास्थान आहात" यातून काहीच कळत नाही. पत्र मराठीत लिहा, हाताने लिहिले तर उत्तम. रुग्णाचे नाव किंवा ओळख पटेल असे काही त्यात नको, ते गुपित तिनेच पाळायला शिकवले आहे.

वेळेचेही भान ठेवा. इंटर्नल मार्क तिच्या हातात असताना साडी आणि मिठाई नेणे हे आभार नव्हेत. तशी वस्तू चांगली सिस्टर परत पाठवते आणि तिचा अपमानही वाटून घेते. निकाल लागू द्या. नंतर जा, सोबत काही नेले नाही तरी चालते. आणि सत्कार तिच्या हयातीत करा. अंत्यविधीच्या उपासनेत मंडळीने उभे राहून दिलेली साक्ष ऐकायला ती नसते.

तिच्यासाठी प्रार्थना करायची तर तीही नेमकी करावी. तिच्या गुडघ्यांसाठी, पेन्शनसाठी, ज्यांना ती खरोखरच जास्त बोलली त्यांच्याशी तिचा समेट व्हावा यासाठी. कडक माणसे चुकतातही. एखाद्या मुलीला तिने रुग्णासमोर नको इतके तोडलेले असते, आणि ती मुलगी नर्सिंग सोडून गेलेली असते. आभार मानायचे म्हणून हे झाकायची गरज नाही.

आणि तुम्ही स्वतः इन्चार्ज झालात की तिची पद्धत जशीच्या तशी उचलू नका, तिचा आग्रह उचला. काही गोष्टी आता आपल्याला जास्त चांगल्या करता येतात. रुग्णासमोर चूक दुरुस्त करायची तर वाक्य छोटे ठेवा: "थांब, सिरिंज बदलू." कारण नंतर सांगा, ओव्हर दिल्यावर (पुढच्या पाळीला काम सोपवल्यावर) ड्यूटी रूममध्ये, दोन मिनिटांत. काय दिसले, त्याने काय होऊ शकले असते, उद्या काय करायचे, एवढेच. "तू नेहमीच असं करतेस" हे त्यात नको. नियम सांगताना त्यामागचे कारण त्याच वाक्यात सांगा. जुन्या सिस्टरांपैकी अनेकींनी कारण सांगितले नाही, कारण त्यांनाही कुणी सांगितले नव्हते. कारण न कळता शिकलेला नियम गर्दीच्या दिवशी सर्वात आधी सुटतो. एखाद्या दिवशी स्वतःचे काम मुलींकडून तपासून घ्या. मुद्दाम नारिंगी टोपणाची सिरिंज 40 च्या बाटलीजवळ ठेवा आणि बाटलीत सुई घालण्याआधी कोण टोकते ते बघा. टोकले तर तिचे सगळ्यांसमोर कौतुक करा, नाही टोकले तर सिरिंज तिच्या हातात द्या आणि टोपणाचा रंग मोठ्याने वाचायला सांगा.

पहिल्या आठवड्यात नव्या बॅचला बाकी काही शिकवू नका, श्वास मोजायला लावा. एका खाटेजवळ दोघींना उभे करा, दोघींनी एकाच मिनिटात स्वतंत्र मोजायचे आणि आकडा कागदावर लिहून घडी घालायची. मग दोन्ही घड्या उघडा. दोनपेक्षा जास्त फरक निघाला तर पुन्हा. दुपारपर्यंत त्या तुमच्यावर चिडतील. चिडू द्या, आणि संध्याकाळच्या टीपीआरला रकान्यात 17 आणि 19 दिसतात का ते बघा.